दारावरची फुली

माझ्या घराच्या दाराशेजारी, बेलच्या बटणाच्या बरोबर खाली, काळ्या शाईची एक ठळक फुली आहे. घरी पहिल्यांदा येणारा माणूस ती बघतो आणि विचारतो, "मॅडम, लाइट कट करायला आले होते का?" मी नाही म्हणते आणि चहा ठेवते. खरं उत्तर द्यायचं तर माझ्या आईचं सगळं आयुष्य सांगावं लागेल, आणि तोवर चहा उतू जाईल. आज मात्र चहा ठेवलेला नाही.

आई नर्स होती. कळंबपासून एसटीनं पाऊण तास, आणि एसटी आली नाही तर देवाला माहीत किती, अशा एका गावात दोन खोल्यांचं उपकेंद्र होतं. पुढच्या खोलीत सरकार राहायचं आणि मागच्या खोलीत आम्ही. आम्ही म्हणजे आई, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेला माझा भाऊ. वडील एसटीत चालक होते. ते ड्युटीवरून आले की झोपायचे आणि उठले की ड्युटीवर जायचे. दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नाही, आणि त्याचं श्रेय मी एसटीच्या वेळापत्रकाला देते.

गाव तिला 'बाई' म्हणायचं. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की तिनं उपकेंद्राच्या पायरीवरून "कोण राहिलंय?" म्हणून हाक दिली की वेशीपर्यंतच्या गरोदर बाया हातातलं काम टाकून उठायच्या. गावातल्या अर्ध्याअधिक लोकांचा जन्म तिच्या हातावर झालेला. त्यामुळं ती कुणालाच भीत नसे. तिच्या नोकरीच्या शेवटी शेवटी नवे तरणे सरपंच एकदा उपकेंद्रात येऊन मोठ्यानं बोलायला लागले, तर तिनं त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, "हळू बोला. जन्मल्यावर रडत नव्हता तवा म्याच पाठीत थापटी मारून तुमचा आवाज काढलाय." सरपंच तेव्हापासून उपकेंद्रात कुजबुजत बोलायचे.

सरकारी नोकरीतल्या पुष्कळ गोष्टींवर आई वैतागायची. मीटिंगा, अहवाल, अहवालांचे अहवाल. पण एक गोष्ट तिला फार आवडायची, ती म्हणजे खुलासा. कर्मचाऱ्याकडून चूक झाली की वरून पत्र येतं, 'याबाबत आपला लेखी खुलासा सादर करावा.' आईला ही पद्धत इतकी पसंत पडली की तिनं ती घरी लागू केली. आमच्या घरात मार नव्हता, आरडाओरडा नव्हता. गुन्हा घडला की फुलस्केप कागद समोर यायचा.

भावाचा हात खुलाशावर चांगला बसला होता. लसीचा निळा डबा असतो, बर्फ भरलेला. लसीकरणाच्या दिवशी आई तो आरोग्य केंद्रातून खांद्याला लावून आणायची. एका उन्हाळ्यात भावानं त्यात ताकाची बाटली गार करायला ठेवली. आईच्या हाताला इंजेक्शनच्या बाटलीऐवजी ताक लागलं, तेव्हा रांगेतली बाळंसुद्धा रडायची थांबली. त्या दुपारी भावानं लिहिलेला खुलासा आमच्या घरात अजून तोंडपाठ आहे. 'विषय : लसीच्या डब्यात ताक आढळल्याबाबत. ऊन फार होते. ताक माझे होते व लस सरकारची होती. बाटलीचे झाकण घट्ट असल्याने दोघांची भेट झालेली नाही. तरी माफी असावी.' आईनं त्यावर लाल शाईनं शेरा मारला, 'असमाधानकारक. आठ दिवस ताक बंद.' आणि त्याच ताठ चेहऱ्यानं तो डबा घेऊन ती भर उन्हात आरोग्य केंद्रापर्यंत गेली आणि लस बदलून आणली, कारण झाकण घट्ट होतं हा पुरावा तिला पुरेसा वाटला नाही.

मी मात्र खुलासा लिहायचेच नाही. माझी चूक असू शकत नाही, असं मला लहानपणापासून वाटायचं, आणि पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाल्यावर तर खात्रीच पटली. आईनंही स्वतः कधी खुलासा लिहिला नाही. चुका करणं हा तिच्या मते कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा प्रांत होता. थोडक्यात, घरात तीन माणसं आणि खुलासे एकट्या भावाचे.

मग पोलिओ आला. म्हणजे पोलिओ पळवायला घरोघरी जायचं काम आलं. रविवारी बूथ, आणि पुढचे दिवस दारोदार. पाच वर्षांखालच्या पोराला दोन थेंब पाजायचे, डाव्या करंगळीच्या नखावर काळी शाई लावायची आणि घराच्या दारावर खडूनं खूण करायची. सगळ्या पोरांना डोस मिळाला तर इंग्रजी 'पी', एखादं जरी राहिलं तरी फुली. पी म्हणजे काय, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आईनं 'पास' असं सांगून टाकलं. त्यामुळं फुली म्हणजे आपोआप नापास झालं आणि दारावर फुली असलेलं घर गावात मान खाली घालून वावरायला लागलं.

खडू हातात आल्यावर आई ती खूण आमच्याच दारावर करणार नाही, हे शक्यच नव्हतं. भावानं जंताची गोळी चुकवली, फुली. मी लोहाची गोळी उशीखाली लपवली, फुली. येणारे-जाणारे विचारायचे, "आज कोण नापास?" मी तेव्हा डी.एड. करत होते आणि ऐन त्या दिवसांत मला बघायला धाराशिवहून पाहुणे आले. दाराशी आले आणि फुली बघून थबकले. त्यांना वाटलं, घरात सुतक आहे किंवा निदान कोर्टाची जप्ती. शेजारच्या म्हातारीनं ओसरीवरून खुलासा केला, "या की आत! काय न्हाय, पोरीनं गोळी खाल्ली न्हाय." आता कसली गोळी, हे तिनं सांगायला हवं होतं. पाहुणे जवळजवळ एसटी स्टँडपर्यंत पोहोचले होते, तिथून आईनं त्यांना हाताला धरून परत आणलं, बसवलं, आणि मुलगा फिकट दिसतो म्हणून आधी त्याचं हिमोग्लोबिन विचारलं. तेच पुढं माझं सासर झालं. माझे यजमान अजून म्हणतात की त्यांनी फुली बघूनही आत पाऊल टाकलं, तेव्हा पुढच्या कुठल्याही गोष्टीची तक्रार करायचा त्यांना अधिकार नाही.

पण आईची फुली मला खरी कळली असती तर ती धनगरांच्या तळावर. तेव्हा कळली नाही, कारण माझे पाय दुखत होते.

मेंढ्यांचा तळ गावाबाहेर पडला होता. तीन-चार पालं, दार एकालाही नाही. आईनं सगळ्या पोरांना थेंब पाजले, पण एक पोरगी मेंढ्यांमागं गेलेली. खूण करायला दार नाही म्हणून आईनं चुलीच्या दगडावर फुली काढली. दुसऱ्या दिवशी मला डबा उचलायला बरोबर घेतलं. गेलो तर तळ उठलेला. मला आनंद झाला, मी घराकडं वळले. आई पुढं चालायला लागली. लेंड्यांच्या मागावर दीड तास चाललो आम्ही. मी वाटेत तीनदा बसले.

"आई, एका पोरीसाठी एवढं?"

"मग? दोन पोरी राहिल्या असत्या तरच चालायचं आसतंय व्हय?"

पुढच्या शिवारात तळ सापडला. पोरीला थेंब पाजले. त्यांनी चुलीचे दगडही घोड्यावर लादून आणले होते. आईनं तो दगड शोधून काढला, पदरानं फुली पुसली आणि पी लिहिला. तळावरची म्हातारी म्हणाली, "बाई, आता आमचं मेंढरू हरवलं की तुमालाच सांगावा धाडतो." आई खूश होऊन हसली. मी मात्र परतीची वाट मोजत होते.

आई निवृत्त झाली, वडील गेले, आणि ती कळंबला भावाकडं राहायला आली. तिथं भावाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी तो पुन्हा भरून देतो. मी धाराशिवला. मला एकच मुलगी. आजी म्हणून आई काय होती, हे एका शब्दात सांगता येतं. जुलाबांत देतात ते मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस. माझी मुलगी पडली, ओआरएस. तिला गणितात कमी मार्क पडले, ओआरएस. कॉलेजात असताना एका पोरानं तिच्याशी बोलणं सोडलं, म्हणून ती खोलीचं दार लावून रडत बसली. आम्ही आई-बाप दाराबाहेर घाबरून उभे होतो. आमच्याकडं आलेल्या आजीनं दार वाजवलं, ते किलकिलं झाल्यावर ग्लास आत सरकवला आणि म्हणाली, "खुशाल रड. पर आंगातलं पाणी कमी पडू देऊ नगंस." पाच मिनिटांनी आतून हसण्याचा आवाज आला. मला ते जमलं नसतं. मी त्या पोराच्या घरी जायला निघाले होते.

आता लग्नाचं सांगते. ते सांगताना अजूनही माझा आवाज चढतो.

मुलीचं लग्न धाराशिवात होतं, एका मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. आपल्याकडं मुहूर्ताच्या आधी माईकवरून पुकारा होतो, 'मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं.' मामानं भाचीचा हात धरून तिला आणायचं आणि अंतरपाटाशी तिच्या मागं उभं राहायचं. मुलीच्या जन्मापासून माझा भाऊ त्या एका पुकाऱ्याची वाट बघत होता. त्यानं त्यासाठी मोतिया रंगाचा नवा नेहरू शर्ट शिवला होता आणि आठ दिवस आधीपासून जेवण निम्म्यावर आणलं होतं.

पुकारा झाला. मामा नाही. दुसरा झाला. मामा नाही. माईकवाला तिसऱ्यांदा म्हणाला, "मामा कुठं असतील तिथून निघावं," आणि लोक हसायला लागले. भटजी घड्याळ दाखवायला लागले. शेवटी माझ्या दिरानं मुलीला मंडपात आणलं. ती सारखी मागं वळून बघत होती. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि बँड थांबता थांबता माझा भाऊ दारातून आत आला. घामाघूम. आणि त्या मोतिया शर्टावर छातीपासून पोटापर्यंत मोठा ओला डाग.

मला वाटलं, हा मागं आचाऱ्याकडं बसून रस्सा ओरपत होता. मी चारशे लोकांसमोर ओरडले, "ज्याच्यामुळं माझ्या लेकीचा मामा मंडपात नव्हता, त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही!"

भावानं आईकडं बघितलं. आई तोंड उघडायला गेली. भावानं तिला मान हलवून काहीतरी खुणावलं, आणि आई ओआरएसची पुडी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. मला वाटलं, आईलाही त्याची लाज वाटते आहे. भाऊ न जेवता निघून गेला.

मी खुलाशाची वाट बघितली, हे आज कबूल करते. ताकाचा खुलासा लिहिणारा माणूस या गोष्टीचा लिहिणारच, असं मला वाटत होतं. लिहिला असता तर मी चार शेरे मारून माफ केलं असतं. पण एक चिठ्ठी नाही, एक फोन नाही. मग माझाही राग घट्ट झाला. राखीपौर्णिमा गेली, भाऊबीज गेली, आणि दुसऱ्या वर्षीच्याही गेल्या.

त्या दोन वर्षांत आई महिन्याकाठी एसटीनं माझ्याकडं यायची. दोन दिवस राहायची. जाताना पर्समधून खडू काढून माझ्या दाराशेजारी फुली मारायची. मी पुसायची. पुढच्या वेळी पुन्हा. मग तिनं गेरू आणला. मी तो ओल्या फडक्यानं घासून काढला. मग तिनं पोलिओच्या वेळचा काळ्या शाईचा मार्कर आणला, कुठून ते मी विचारलं नाही. ती फुली काही निघेना. रॉकेल लावून बघितलं, नेलपॉलिश काढायचं औषध लावून बघितलं. भिंतीचा रंग निघाला, फुली तशीच.

"आई, मला नापास करून तुला काय मिळतं?"

ती चपला घालायची आणि स्टँडकडं चालायला लागायची. मुलगी एकदा मामाकडं जाऊन आली आणि म्हणाली, "आई, मामाच्या दारावर पण आहे फुली." मी म्हटलं, "असणारच. त्याच्या दारावर तर दोन पाहिजेत."

मग आईच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. आई त्यांना म्हणाली, "थकंल न्हाय तर काय. सत्तर वर्षं माज्यासंगं चाललंय त्ये." आणि एका सकाळी तिचा मला फोन आला, "ये."

"तो घरी असेल तर मी येणार नाही."

"त्यो दुकानावर हाय. ये."

कळंबला पोहोचले. भावाच्या दारावर मोठी फुली होती. ती बघून मला बरं वाटलं. आत आई कॉटवर उशीला टेकून बसली होती. मी पायाशी बसले तर तिनं उशीखालून घडी घातलेला फुलस्केप कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मला वाटलं, अखेर भावानं लिहिला. पण अक्षर भावाचं नव्हतं.

'प्रति, माननीय मुलगी, धाराशिव.

विषय : लग्नाच्या दिवशी मामा मंडपात गैरहजर असल्याबाबत खुलासा.

वरील विषयास अनुसरून खुलासा सादर करते की, त्या दिवशी पोलिओ रविवार होता. मंडपामागे पुऱ्या लाटायला आलेल्या बाईच्या मांडीवर अंदाजे नऊ महिन्यांचे बाळ होते. त्याच्या करंगळीला शाई नव्हती. त्या बाईचे घरचे ऊसतोडीला असून ती संध्याकाळीच कारखान्यावर परत जाणार होती. म्हणजे बाळ राहिले असते. मुहूर्तास पाऊण तास होता. मी मुलास हुकूम केला की, मायलेकरास गाडीवर बसवून जवळच्या अंगणवाडीतील बूथवर ने. तो म्हणाला, आई, वेळ होईल. मी म्हणाले, वीस मिनिटांत होते. डोस उलटून पडल्यास पुन्हा पाज व अर्धा तास थांबून बघ, असेही मीच बजावले होते. बाळाने डोस दुधासकट मुलाच्या नव्या शर्टावर उलटून टाकला. मुलाने सांगितल्याप्रमाणे पुन्हा पाजला व अर्धा तास थांबला.

सबब, चूक माझी आहे. मुलाची नाही.

मी त्याच दिवशी सांगणार होते. तू जे बोललीस ते ऐकून मुलाने मला सांगू दिले नाही. तो म्हणाला, ताईने माझे तोंड बघितले नाही तर मी जगेन, तुझे बघितले नाही तर तू जगणार नाहीस. मला भीती वाटली म्हणून मी ऐकले. हे बरोबर केले नाही.

बाळास डोस मिळाला आहे. पुढील आदेश व्हावेत.'

खाली सही, आणि सहीखाली सवयीनं लिहिलेलं पद, 'परिचारिका, सेवानिवृत्त.'

मी तो कागद वाचला आणि आधी हसले. 'अर्धा तास थांबून बघ.' जगात दुसऱ्या कुठल्या घरात नवरीचा मामा मुहूर्त सोडून अंगणवाडीच्या पायरीवर, शर्टावर ओकारी घेऊन, घड्याळ लावून बसला असता? आणि मग मला रडू फुटलं, ते थांबेना. दोन वर्षं. माझा भाऊ दोन वर्षं माझ्या शिव्या खात गप्प बसला, आणि तो रस्सा ओरपत होता असं मी नात्यातल्या प्रत्येक घरात सांगून आले होते. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

पण माझा स्वभाव माझाच. लाज वाटली की मला राग येतो.

"दोन वर्षं तू गप्प बसलीस! आणि वर माझ्याच दारावर फुल्या मारत होतीस! चूक तुझी, नापास मी?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ती एकाच प्रश्नाला तिसऱ्यांदा चुकणाऱ्या नव्या नर्सकडं बघायची.

"तुज्या नावानं कशाला मारू गं? फुली म्हंजी घरच्यांचा गुन्हा न्हाय. डोस राहिला तर त्यात पोराचा काय दोष? काम करणाऱ्यानं सोताला लिवून ठिवायचं आसतंय, की हितलं काम राहिलंय, हितं परत यायचंय. फुलीच्या घराला पी होईस्तोवर जावंच लागतंय. दर बारीला यायचे, सांगीन म्हनायचे, आन् तुजं तोंड बगून तशीच माघारी जायचे. मग फुली मारायचे."

 ती चपला घालून स्टँडकडं चालत जायची, ते आठवलं. मेंढ्यांच्या लेंड्यांमागचा तो दीड तास आठवला.

तेवढ्यात दारात भाऊ आला. दुपारच्या जेवणाला. मला बघितलं आणि चोरासारखा मागच्या मागं वळला.

"थांब!" मी ओरडले. मला दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलताच येत नाही. "तुझा खुलासा कुठंय?"

त्यानं माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं. त्याला सगळं कळलं.

"माजी चूकच नव्हती ताई. कशाचा लिवू?"

"गप्प बसलास त्याचा."

तो दाराला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "असमाधानकारक शेरा मारशील."

मी उठून त्याच्या गळ्यात पडले. त्याच्या अंगाला मोटारीच्या वार्निशचा वास येत होता आणि माझी चांगली साडी काळी झाली. मग मी त्याच्या स्वयंपाकघरात गेले, त्याच्या बायकोला बाजूला केलं आणि पुऱ्या तळल्या. लग्नातलं त्याचं जेवण माझ्याकडं राहिलं होतं. तो जेवला, आणि मी प्रत्येक पुरीला एकदा "घे, चुकलं माझं" म्हटलं. सातव्या पुरीला तो म्हणाला, "ताई, आता बास, माफ केलं. पोट फुटंल." आईनं दोघांना ओआरएसचा एकेक ग्लास दिला. आम्ही पुऱ्यांवर तो मुकाट प्यायलो.

संध्याकाळी निघताना आई भिंतीला धरून दारापर्यंत आली. दाराच्या चौकटीवरची फुली तिनं पदरानं पुसली आणि पी काढला. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुज्या दारावरला म्या येऊन करते. बेस्तरवारी धाराशिवला दाखवायला यायचंच हाय."

"मार्करची फुली आहे ती. निघत नाही."

"मला निघतीया."

त्याच्या आदल्याच दिवशी, बुधवारी दुपारी, जेवून आडवी झालेली ती उठली नाही.

 मला तिची इतकी आठवण येते की कधी कधी मी घरात एकटीच असताना मोठ्यानं "कोण राहिलंय?" असं विचारते. उत्तर मलाच माहीत असतं.

भेटायला येणाऱ्यांची मात्र मजा झाली, आणि आईला ती आवडली असती. तिच्या गावची माणसं जीप भरभरून आली. आता सुतकात काय बोलावं हे कुणाला सुचत नव्हतं. मग एक मिशीवाला गडी पुढं आला, त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि दंडावरचा टोचल्याचा वण दाखवून म्हणाला, "ही बाईंनी दिलेली हाय." त्यानंतर जो येईल तो बाही वर करायचा. म्हातारे, पोरं, गरोदर बाया, आणि ते सरपंच, आता माजी. कळंबच्या त्या ओसरीवर तीस-चाळीस माणसं दंड उघडे टाकून ओळीनं बसली होती. गल्लीतून जाणाऱ्या एकाला वाटलं, इथं लस चालू आहे. तोही येऊन बसला.

गेल्या महिन्यात मुलीच्या डोहाळजेवणासाठी म्हणून घर रंगवायला काढलं. भाऊ दोन दिवस आधीच येऊन बसला होता, पेंटरवर लक्ष ठेवायला. या वेळी कुठल्याही पुकाऱ्याला उशीर करायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. पेंटर दाराशी आला आणि म्हणाला, "मॅडम, ही फुली खरवडून काढतो."

भाऊ पुढं झाला. मार्कर त्यानं खिशातून आणलाच होता. "ताई, तू म्हनलीस तर म्या करतो पी. आपलं काम तर झालंय."

काम झालं होतं, हे खरंच. तो माझ्या समोर उभा होता, माझ्या हातचं खाऊन माझ्याच चुका काढत होता. पण मी त्याच्या हातातला मार्कर काढून घेतला.

"नको. राहू दे फुली. आईच म्हणाली होती, फुलीच्या घराला परत जावंच लागतं."

भावानं मान खाली घातली आणि खिशात रुमाल शोधायला लागला. पेंटरला यातलं काहीच कळलं नाही. त्यानं बेलच्या खाली वीतभर चौकोन सोडला आणि बाकीचं घर रंगवलं.